विधी महाविद्यालयाची निवड : मिरजगावच्या विद्यार्थ्याने अर्ज कोठे करावा?

कर्जत तालुक्यातील मिरजगाव हे नगर–सोलापूर रस्त्यावरील मोठे गाव. अवर्षणप्रवण पट्ट्यातील या परिसराला न्यायालयाची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही. भावाभावांतील वाटणी, बांधाची मोजणी, शिवरस्त्याची अडवणूक, कुकडी कालव्याच्या पाण्याचे आवर्तन, रस्त्यासाठी संपादन झालेल्या जमिनीचा मोबदला, अशा एक ना एका कारणाने कर्जतची तहसील कचेरी आणि तेथील दिवाणी न्यायालय गावकऱ्यांच्या परिचयाचे झालेले असते. असे असूनही याच गावातील एखाद्या मुलाने वा मुलीने कायद्याचे शिक्षण घ्यावयाचे ठरविले, तर अर्ज कोठे करावा, केव्हा करावा आणि कोणत्या महाविद्यालयाला पहिली पसंती द्यावी हे नीट सांगणारे माणूस सहसा मिळत नाही. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाची माहिती आता वाडीवस्तीपर्यंत पोहोचली आहे. विधी शाखेच्या बाबतीत मात्र कोणीतरी ओळखीच्याने सांगितले म्हणून अर्ज भरला, हाच प्रकार अधिक.

प्रवेशाची संधी हुकण्याचे मुख्य कारण गुणांची कमतरता हे नसून वेळेचे अज्ञान हे आहे. बारावीचा निकाल मे महिन्याच्या सुमारास लागतो आणि घरात पुढील शिक्षणाची चर्चा त्यानंतर सुरू होते. तोपर्यंत विधी प्रवेशाची दारे जवळजवळ बंद झालेली असतात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, जी ‘क्लॅट’ या नावाने ओळखली जाते, २०२२ पासून प्रवेशाच्या आदल्या डिसेंबरातच घेतली जात आहे, आणि तिचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे बंद होतात. महाराष्ट्र राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची विधी परीक्षा मार्च ते मे या काळात होत असली, तरी तिचे अर्जही त्याआधी काही महिने, हिवाळ्यातच, भरावे लागतात. म्हणजे बारावीचे वर्ष सुरू होताच, जून–जुलैमध्ये, हा विचार झाला पाहिजे. कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकांनी एवढी एक गोष्ट पहिल्या सत्रात वर्गात सांगितली तरी पुष्कळ काम होईल.

तीन विद्यापीठांच्या सीमेवर

मिरजगावचे भौगोलिक स्थान या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, जिल्हा हा पुणे व नाशिक या जिल्ह्यांसह सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. परंतु कर्जत तालुक्याची हद्द एकीकडे बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याला, तर दुसरीकडे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याला भिडलेली आहे. बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या, तर करमाळा हा पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या क्षेत्रात मोडतो. त्यामुळे मिरजगावच्या विद्यार्थ्यासमोर आपल्या विद्यापीठाबरोबरच आणखी दोन विद्यापीठांतील महाविद्यालये येतात. विधी शाखेचे प्रवेश राज्यपातळीवरील एकाच केंद्रीभूत प्रक्रियेतून होत असल्याने अर्जही एकच पुरतो.

येथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अहिल्यानगर जिल्ह्याचे विद्यापीठ पुण्यास असले, तरी त्याचे उच्च न्यायालय पुण्याकडचे नाही. या जिल्ह्यातील अपिले व रिट अर्ज मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठापुढे चालतात. हे खंडपीठ १९८१ पासून कार्यरत आहे. शेजारच्या करमाळ्याची प्रकरणे मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूरच्या पीठाकडे जातात. ज्याला पुढे आपल्याच जिल्ह्यातील पक्षकारांची कामे उच्च न्यायालयात चालवावयाची आहेत, त्याने विद्यार्थीदशेची वर्षे छत्रपती संभाजीनगरला घालविली तर ज्येष्ठ वकिलांची कार्यालये, खंडपीठातील युक्तिवाद, तेथील कामकाजाची रीत यांचा परिचय त्याला पदवीपूर्वीच होतो. तालुका व जिल्हा न्यायालयात वकिली करावयाची असेल तर नगर शहर सोयीचे. कंपन्यांच्या कायदाविषयक नोकरीकडे ओढा असेल तर पुणे किंवा मुंबई. महाविद्यालयाचे नाव पाहण्याआधी पुढे काम कोठे करावयाचे आहे हे पाहिले, तर निवड बरीच सोपी होते.

पाच वर्षे की तीन वर्षे

वकिलीच्या सनदेसाठी दोन मार्ग आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, अथवा कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल.बी. अभ्यासक्रम. सनदेच्या दृष्टीने दोहोंत फरक नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार पात्रता परीक्षेत सर्वसाधारण प्रवर्गास किमान ४५ टक्के, इतर मागासवर्गास ४२ टक्के व अनुसूचित जाती–जमातींस ४० टक्के गुण आवश्यक आहेत.

पाच वर्षांच्या मार्गात एक वर्ष वाचते, कारण पदवी आणि कायदा वेगवेगळे केल्यास सहा वर्षे लागतात. तथापि ग्रामीण कुटुंबाच्या दृष्टीने हिशेब एवढाच नसतो. कर्जत येथील रयत शिक्षण संस्थेच्या दादा पाटील महाविद्यालयासारख्या ठिकाणी घरून ये-जा करून पदवी घेता येते. शहरातील खोली, खाणावळ आणि प्रवास यांचा खर्च मग पाच वर्षांऐवजी तीनच वर्षे सोसावा लागतो. शिवाय एकविसाव्या वर्षी घेतलेला निर्णय अठराव्या वर्षीच्या निर्णयापेक्षा बहुधा पक्का असतो. उलटपक्षी, ज्याचा कल निश्चित आहे, इंग्रजी बरी आहे आणि शिष्यवृत्तीची सोय होण्याजोगी आहे, त्याने पाच वर्षांचाच मार्ग धरावा. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत पदवीपातळीवर मुख्यतः तोच उपलब्ध आहे.

मुक्त विद्यापीठातून शिकलेल्यांनी एक नियम ध्यानी ठेवला पाहिजे. बारावी उत्तीर्ण होऊन नंतर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर अडचण येत नाही. परंतु दहावी–बारावीची पायरी न चढता, केवळ पूर्वतयारी अभ्यासक्रमाच्या आधारे थेट मिळविलेली पदवी २००८ च्या नियमांनुसार विधी प्रवेशास ग्राह्य धरली जात नाही. नोकरी करणाऱ्या ग्रामसेवक, शिक्षक वा लिपिकांनाही या नियमांची माहिती असणे अगत्याचे आहे. एलएल.बी. पत्राद्वारे वा दूरशिक्षणाने होत नाही, आणि अनिवासी महाविद्यालयातील तासिका सकाळी ८ ते सायंकाळी ७ या वेळेतच घेण्याचे बंधन आहे. ‘फक्त परीक्षेला या’ असे जे महाविद्यालय सांगते, त्याच्याविषयी सावध राहिलेलेच बरे.

संस्थांचे प्रकार

महाराष्ट्रातील विधी शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे. १९३५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याचे प्राचार्य झाले. पुण्यातील इंडियन लॉ सोसायटीचे विधी महाविद्यालय १९२४ साली सुरू झाले आणि त्याच्या नावाने त्या भागातील रस्ता ओळखला जातो. ही दोन्ही महाविद्यालये विद्यापीठांशी संलग्न असून प्रवेश राज्याच्या सामाईक परीक्षेतून होतो. एक शासकीय व दुसरे अनुदानप्राप्त असल्याने तेथील शुल्क खाजगी संस्थांच्या मानाने पुष्कळच कमी असते. साहजिकच तेथे प्रवेशासाठी लागणारे गुण फार वर असतात.

नगर शहरात अहमदनगर जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाजाचे न्यू लॉ कॉलेज आहे. सोलापुरात दयानंद विधी महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगरात माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय ही नावे परिचित आहेत. अशा जिल्हास्तरावरील महाविद्यालयांकडे कमीपणाने पाहण्याची एक सवय पडली आहे. ती योग्य नव्हे. जिल्हा न्यायालय जेथे हाकेच्या अंतरावर आहे, तेथे विद्यार्थ्याला उलटतपासणी कशी होते हे रोज पाहता येते, आणि नगरच्या वकीलवर्गाची परंपराही लहान नाही. १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष असलेले कुंदनमल शोभाचंद फिरोदिया हे नगरचेच वकील होते.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा प्रकार निराळा आहे. बंगळूरचे नॅशनल लॉ स्कूल १९८७ मध्ये डॉ. माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले आणि त्याच्या धर्तीवर देशात वीसहून अधिक विद्यापीठे स्थापन झाली. महाराष्ट्रात २०१४ च्या अधिनियमान्वये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे आहेत. ही निवासी विद्यापीठे होत. ग्रंथालय, अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा, उन्हाळी प्रशिक्षण आणि नोकरीच्या संधी या बाबतीत ती पुढे आहेत. मात्र त्यांचे वार्षिक शुल्क लाखांत मोजावे लागते. महाराष्ट्रातील तिन्ही विद्यापीठांत राज्याच्या अधिवासी विद्यार्थ्यांसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात. तेव्हा क्लॅट देणाऱ्या मिरजगावच्या विद्यार्थ्याने दूरच्या राज्यांतील विद्यापीठांआधी या तीन नावांचा विचार करणे शहाणपणाचे ठरते.

चौथा प्रकार अभिमत व खाजगी विद्यापीठांचा. पुण्यात अशा नामांकित संस्था आहेत. त्यांच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या असू शकतात, शुल्क भारी असते, आणि शासनाच्या सवलतींपैकी काही तेथे लागू होत नाहीत. या शेवटच्या गोष्टीकडे पालकांचे हमखास दुर्लक्ष होते.

मान्यता आधी, इमारत नंतर

अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये विधी शिक्षणाचा दर्जा ठरविण्याचे काम बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आहे. विद्यापीठाची संलग्नता असली तरी बार कौन्सिलची मान्यता नसेल, तर त्या पदवीवर सनद मिळत नाही. पाच वर्षे आणि घरची सारी शिल्लक खर्च झाल्यावर ही गोष्ट कळणे यासारखे दुर्दैव नाही. मान्यता ही कायमची नसते; ती ठरावीक मुदतीसाठी दिली जाते व पुढे वाढवून घ्यावी लागते. म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्यावयाचा त्या वर्षाची, त्याच अभ्यासक्रमाची व त्याच तुकडीची मान्यता आहे काय, हे कागदोपत्री पाहावे. नव्या संस्थांची वाढ पाहून बार कौन्सिलने ऑगस्ट २०२५ मध्ये नवीन विधी महाविद्यालयांना तीन वर्षे मनाई केली. त्यानंतर नव्याने सुरू झाल्याचे सांगणाऱ्या संस्थेकडे मान्यतेचे पत्र मागण्यात संकोच बाळगू नये.

मान्यतेखालोखाल चार गोष्टी महाविद्यालयात प्रत्यक्ष जाऊन पाहण्याजोग्या आहेत. ग्रंथालयात भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम यांवरील पुस्तके आली आहेत की अजून जुन्या दंडसंहितेचीच कपाटे भरलेली आहेत, हे पाहावे. हे नवे कायदे १ जुलै २०२४ पासून अमलात आले असून जुन्या कलमांच्या क्रमांकांवर शिकलेला विद्यार्थी न्यायालयात गोंधळतो. पूर्णवेळ अध्यापक किती, हे विचारावे. नियमाप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात विधी सहाय्य केंद्र असावयास हवे. ते फलकावरच आहे की खेड्यात शिबिरे घेते, याची चौकशी करावी. आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे असलेले प्रत्यक्ष प्रशिक्षण कोणाकडे घडते, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनाच विचारावे. ते खरे सांगतात.

इंग्रजीचे भय

मराठी माध्यमातील विद्यार्थी क्लॅटचे नाव ऐकून माघार घेतो. ही परीक्षा इंग्रजीतूनच होते आणि तिच्यात दीर्घ उतारे वाचून प्रश्न सोडवावे लागतात, ही अडचण खरीच आहे. राज्याच्या विधी प्रवेश परीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजीबरोबर मराठीतही उपलब्ध असते आणि तिच्यात आजवर चुकीच्या उत्तराचे गुण वजा करण्याची पद्धत नव्हती. तेव्हा ज्याला इंग्रजीचा आत्मविश्वास नाही त्याने राज्याची परीक्षा मुख्य मानावी. क्लॅटचे हजारो रुपयांचे शुल्क केवळ नशीब अजमावण्यासाठी भरू नये.

पदवीच्या अभ्यासात इंग्रजी टाळता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांत माध्यम इंग्रजीच सांगितले आहे. एखादे विद्यापीठ अन्य भाषेत उत्तरे लिहू देत असेल तरीही इंग्रजीचा एक विषय उत्तीर्ण व्हावाच लागतो. परंतु याची दुसरी बाजूही आहे. महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी झालेली आहे. कैफियत, जबाब, फेरफार, खरेदीखत ही सर्व मराठीत असतात, आणि सातबारा वाचता येणारा तरुण वकील शहरातील इंग्रजी शाळेत शिकलेल्या सहकाऱ्याच्या दोन पावले पुढे असतो. इंग्रजी तीन वर्षांत सुधारता येते. बांधाचा वाद कशावरून पेटतो हे समजण्यास गावात वाढावे लागते.

खर्च आणि सवलती

शुल्काच्या आकड्यावरून घाबरून जाण्याआधी शासकीय सवलतींचा हिशेब मांडावा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांत पूर्वीच्या ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के लाभ देण्यात आला. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा. व्यवस्थापनाच्या कोट्यातील वा संस्थापातळीवरील प्रवेशास, तसेच खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांस हा लाभ नाही. म्हणजे एकाच पुणे शहरात, एकाच रस्त्यावर, एका महाविद्यालयात मुलीचे शिक्षण जवळजवळ विनाशुल्क आणि दुसरीकडे वर्षाला लाखांचे, असे होऊ शकते. अर्ज भरण्यापूर्वी त्या महाविद्यालयाचा तो अभ्यासक्रम महाडीबीटी प्रणालीवर आहे काय, हे पाहावे.

राहण्याजेवण्यासाठी समाजकल्याण विभागाची वसतिगृहे आहेत. तेथे प्रवेश न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, इतर मागासवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना उपलब्ध आहेत. मिरजगावसारख्या कोरडवाहू गावात या शेवटच्या योजनेत बसणारी कुटुंबे पुष्कळ असणार.

पसंतीक्रम कसा लिहावा

उदाहरणादाखल, दोन एकर जिरायतीवर चालणाऱ्या कुटुंबातील, इतर मागास प्रवर्गातील एक मुलगी घेऊ. बारावी कला शाखेत तिला ७० टक्क्यांच्या आसपास गुण अपेक्षित आहेत, इंग्रजी मध्यम आहे, आणि पुढे न्यायाधीश व्हावे अशी तिची इच्छा आहे. तिने राज्याच्या परीक्षेचा अर्ज नक्की भरावा. पसंतीक्रमात वरती मुंबईचे शासकीय व पुण्याचे अनुदानित महाविद्यालय लिहावे, कारण गुण मिळालेच तर खर्च आवाक्यात राहतो. त्याखाली छत्रपती संभाजीनगर व नगर येथील महाविद्यालये, आणि शेवटी सोलापूर. जेथे जाण्याची तयारीच नाही असे नाव केवळ यादी लांबविण्यासाठी घालू नये. नेमके तेच वाट्याला येते आणि मग प्रवेश रद्द करण्याच्या खटाटोपात फेऱ्या निघून जातात. मनाजोगे काहीच मिळाले नाही, तर कर्जतला पदवीस प्रवेश घेऊन तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी. तिचे काहीही वाया जात नाही.

न्यायाधीश होण्याच्या इच्छेचा हिशेब आता थोडा बदलला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. पदवी मिळताच परीक्षा देता येईल या भरवशावर असलेल्या कुटुंबाने ही तीन वर्षेही खर्चात धरावीत. सनद घेण्याचा खर्च मात्र कमी झाला आहे. ३० जुलै २०२४ च्या निर्णयाने राज्य बार कौन्सिलांना नोंदणीसाठी सर्वसाधारण प्रवर्गाकडून ७५० रुपये व अनुसूचित जाती–जमातींकडून १२५ रुपये यांहून अधिक शुल्क घेता येत नाही. त्यापूर्वी काही राज्यांत ही रक्कम हजारोंच्या घरात गेली होती. सनदेनंतर द्यावयाची अखिल भारतीय बार परीक्षा मराठीतूनही देता येते.

राहिला प्रश्न कागदपत्रांचा. वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर ही कागदपत्रे प्रवेश फेरी सुरू झाल्यावर मिळविणे कठीण जाते. वैधतेचा प्रस्ताव अकरावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत पाठविणे चांगले. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपत असल्याने एप्रिलनंतर ते चालू आहे काय, हे तपासावे लागते. ग्रामपंचायतीने बारावीतील मुलामुलींची यादी जून महिन्यातच शाळेकडून घेऊन, सेतू केंद्रात वा महसूल विभागाच्या शिबिरात या दाखल्यांची सोय लावून दिली, तर डिसेंबर ते मे या काळातील धावपळ बरीच वाचेल. त्याच वेळी सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाचे वेळापत्रक पंचायतीच्या फलकावर लावण्यास काही खर्च येत नाही.